हॉरीचा धक्का, फीनिक्सची शिक्षा: २००७ च्या एका प्लेऑफ मालिकेचं प्रकरण

१४ मे २००७, सॅन अँटोनिओ. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफमधला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या; सातांपैकी चार सामने जिंकणारा पुढे) पश्चिम विभागाच्या उपांत्य मालिकेतला चौथा सामना. १८ सेकंद उरलेत, फीनिक्स सन्स १००-९७ असे पुढे आहेत आणि चेंडू त्यांच्या स्टीव्ह नॅशकडे आहे. तीन गुणांनी मागे असलेल्या सॅन अँटोनिओ स्पर्सना एकच गोष्ट करायची आहे: फाऊल करून घड्याळ थांबवायचं, नॅशला फ्री थ्रो (फाऊलच्या बदल्यात मिळणारे, कुणी न अडवलेले शॉट) घेऊ द्यायचे आणि चेंडू परत मिळवायचा. बास्केटबॉलमध्ये हे रोजचंच आहे. हात धरला, शिट्टी वाजली, काम झालं. स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीने मात्र बाजूच्या रेषेलगत पळणाऱ्या नॅशला अंगाच्या सगळ्या जोरानिशी असं काही रेटलं, की तो थेट स्कोअररच्या टेबलावर जाऊन आदळला.

फाऊल गरजेचा होता, तो धक्का नव्हता. इथपर्यंत वाद नाही. हॉरीला लगेच मैदानाबाहेर काढलं गेलं.

पुढच्या काही सेकंदांत जे घडलं त्यावर मात्र आजही वाद होतो. सन्सचा राजा बेल हॉरीच्या अंगावर धावून गेला. (नावावरून आपल्याला भलताच संशय येतो, पण हा गडी अमेरिकन व्हर्जिन बेटांवरचा.) झटापटीत हॉरीचा हात बेलला लागला. त्याच वेळी सन्सच्या बाकावरून दोघे जण उठून मैदानाच्या दिशेने निघाले: अमारे स्टाउडमायर आणि बोरिस डिऑ. सहायक प्रशिक्षकांनी त्यांना मधेच अडवलं आणि मागे आणलं. दोघांनी कुणाला हात लावला नाही, भांडणापर्यंत तर ते पोहोचलेच नाहीत. सन्सने सामना १०४-९८ असा जिंकला, मालिका २-२ अशी बरोबरीत आली आणि पाचवा सामना फीनिक्समध्ये, म्हणजे त्यांच्या घरी होणार होता.

दुसऱ्या दिवशी लीगचा निकाल आला. हॉरीवर दोन सामन्यांची बंदी, स्टाउडमायर आणि डिऑवर प्रत्येकी एका सामन्याची.

कागदावर हॉरीची शिक्षा दुप्पट दिसते, पण माणसं बघा. हॉरी तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि त्या हंगामात सामन्यामागे त्याचे जेमतेम चार गुण होते. निर्णायक क्षणी शॉट मारणारा म्हणून त्याचं नाव मोठं होतं, तोवर सहा विजेतेपदं त्याच्या खात्यावर जमा होती; पण २००७ मध्ये तो बाकावरून येऊन थोडा वेळ खेळणारा खेळाडू होता. स्टाउडमायरचे सामन्यामागे २० हून जास्त गुण आणि साडेनऊ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). स्पर्सच्या टिम डंकनसमोर उभं राहायला सन्सकडे दुसरा तेवढ्या ताकदीचा माणूस नव्हता. डिऑ हा बाकावरून येणारा त्यांचा सगळ्यात चतुर मोठा खेळाडू. म्हणजे ज्या संघाने धक्का दिला त्याचा एक राखीव गेला, आणि ज्याने खाल्ला त्याचा एक खांब आणि एक टेकू.

फीनिक्समध्ये भावना उमटली ती साधारण ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ अशीच. मी ती पूर्ण मान्य करत नाही. सन्सही काही संन्याशांचा संघ नव्हता. आदल्याच वर्षी, २००६ च्या प्लेऑफमध्ये, याच राजा बेलने लेकर्सच्या कोबी ब्रायंटला गळ्यापाशी हात आडवा घालून खाली पाडलं होतं आणि एका सामन्याची बंदी भोगली होती. सन्सने त्याच्याविना पुढचा सामना जिंकला आणि ३-१ अशी हातातून गेलेली मालिकाही काढली. तेव्हा शिक्षा ज्याने केलं त्यालाच झाली होती आणि कुणाची फार तक्रारही नव्हती.

मालिका आधीच तापलेली

हा धक्का आकाशातून पडला नाही. त्या वर्षी डॅलस पहिल्याच फेरीत गारद झालं होतं. ६१ सामने जिंकलेले सन्स आणि ५८ जिंकलेले स्पर्स आमनेसामने आले, तेव्हा खरी अंतिम लढत हीच, असं बरेच जण म्हणत होते. दोन्ही संघांचा स्वभाव अगदी उलटा. प्रशिक्षक माइक डँटोनींचे सन्स चेंडू हातात आल्यावर काही सेकंदांत शॉट घेणारे, सामन्याला सरासरी ११० गुण करणारे. ग्रेग पॉपोविच यांचे स्पर्स शिस्तीचे, बचावाचे, समोरच्याला त्याचा खेळच खेळू न देणारे.

पहिल्या सामन्यात स्पर्सचा टोनी पार्कर आणि नॅश यांची डोकी आपटली आणि नॅशचं नाक फुटलं. यात कुणाचाच दोष नव्हता. पण रक्त थांबल्याशिवाय खेळाडूला मैदानात उभं राहता येत नाही, त्यामुळे अगदी शेवटच्या, मोक्याच्या क्षणांत नॅश बाकावर बसला. स्पर्स १११-१०६ ने जिंकले. नियम योग्यच होता, फक्त त्याची किंमत ज्याला लागलं होतं त्याने मोजली. हे इथे लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरा सामना सन्सने सहज घेतला. त्यानंतर स्टाउडमायरने स्पर्सना उघडपणे घाणेरडं खेळणारा संघ म्हटलं. त्याचा रोख मुख्यतः त्यांच्या ब्रूस बोवेनवर होता. आपण उडी मारताना बोवेनचा पाय आपल्या पायाला लागला, आणि तो चुकून लागला नाही, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या सामन्यात त्याच बोवेनचा गुडघा नॅशच्या जांघेत बसला. तो सामनाही स्पर्सचा.

बोवेनबद्दल थोडं थांबायला हवं, कारण धसमुसळं खेळणं आणि रडीचा डाव खेळणं यांच्यातली रेषा त्याच्याइतकी कुणी पुसट केली नसेल. तो त्या काळातला सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक होता, यात शंका नाही. पण उडी मारून शॉट घेणाऱ्याच्या खाली पाय सरकवायचा, म्हणजे तो खाली येताना त्याच पायावर पडून घोटा मुरगळेल, असा आरोप त्याच्यावर एकदा नाही, अनेकदा झाला. तक्रार करणाऱ्यांत व्हिन्स कार्टर आणि रे ॲलनसारखी नावं होती. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द घोटा मुरगळलेल्यांची माफी मागून) ही कृती बघणाऱ्याला बचावाचाच भाग वाटते. माणूस शॉट अडवायला पुढे येतो, त्याचा पाय पुढे पडतो. हेतू कसा सिद्ध करणार?

हॉरीचा धक्का या साठलेल्या सगळ्यावर पडला. स्टाउडमायर आणि डिऑ का उठले, ते समजून घ्यायला मानसशास्त्र लागत नाही. ज्याच्या नाकातून पहिल्या सामन्यात रक्त आलं, ज्याला तिसऱ्या सामन्यात गुडघा बसला, त्यालाच चौथ्या सामन्यात टेबलावर फेकलं जातं आणि तुम्ही काही पावलांवर बसलेले असता.

नियम कुठून आला

एनबीएचा नियम असा: मैदानात भांडण सुरू असताना जे खेळाडू खेळत नाहीत त्यांनी आपल्या बाकाच्या आसपासच राहायचं. जो निघेल त्याला किमान एका सामन्याची बंदी आणि दंड. का निघाला, किती पुढे गेला, सोडवायला गेला की मारायला, याची चौकशी नाही.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. १९७७ च्या डिसेंबरात लेकर्स आणि ह्यूस्टन रॉकेट्सच्या सामन्यात भांडण सुरू झालं. रॉकेट्सचा रूडी टॉमजानोविच तिकडे धावत येत होता. लेकर्सच्या कर्मिट वॉशिंग्टनने वळून ठोसा मारला आणि टॉमजानोविचच्या चेहऱ्याची हाडं मोडली. तो त्या वेळी मैदानातच खेळत होता, बाकावर नव्हता. पण पळत येणाऱ्या माणसाचा हेतू समोरच्याला कळत नाही आणि एका ठोशाने जीव जाता जाता वाचू शकतो, हे लीगला त्या रात्री कळलं. पुढे मार्च १९९३ मध्ये फीनिक्समध्येच सन्स आणि न्यूयॉर्क निक्स यांची मोठी हाणामारी झाली. दुखापतीमुळे साध्या कपड्यांत बाकावर बसलेला निक्सचा ग्रेग अँथनी मैदानात उतरला आणि त्याने सन्सच्या केव्हिन जॉन्सनला ठोसा लगावला. बाकावरच्यांसाठीचे नियम आवळले गेले ते या अशा प्रकारांनंतर. आणि २००४ च्या नोव्हेंबरात डेट्रॉईटजवळच्या सामन्यात भांडण थेट प्रेक्षकांत गेलं, इंडियानाच्या रॉन आर्टेस्टला उरलेल्या संपूर्ण हंगामाला मुकावं लागलं. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी हॉरीचा धक्का. लीग या बाबतीत हळवी होती, आणि तिला तसं असायला कारण होतं.

प्लेऑफमध्ये या नियमाने काय होतं, तेही सगळ्यांना माहीत होतं. बरोबर दहा वर्षं आधी, १४ मे १९९७ ला, मायामी हीटच्या पी. जे. ब्राउनने निक्सच्या चार्ली वॉर्डला उचलून उलटं फेकलं. मालिकेत निक्स ३-१ ने पुढे होते. पॅट्रिक युइंग, ॲलन ह्यूस्टन, लॅरी जॉन्सन आणि जॉन स्टार्क्स बाक सोडून आल्याबद्दल अडकले. एकाच वेळी सगळ्यांना बाहेर बसवलं तर संघच उरणार नाही, म्हणून त्यांच्या शिक्षा सहाव्या आणि सातव्या सामन्यांत वाटून दिल्या. निक्स दोन्ही हरले. ब्राउनही दोन सामने बाहेर बसला, पण मालिका त्याच्या संघाने जिंकली.

त्यामुळे २००७ मध्ये ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय सन्सकडे नव्हती. असं काही घडलं तर खेळाडूंना पकडायचं हे प्रत्येक संघाच्या सहायक प्रशिक्षकांच्या डोक्यात असतंच. सन्सच्या प्रशिक्षकांनी पकडलंही, फक्त दोन-चार पावलं उशिरा.

‘आमच्या हातात काही नाही’

शिस्तीचं खातं सांभाळणारे लीगचे उपाध्यक्ष स्टू जॅक्सन यांची भूमिका होती की नियम स्वच्छ आहे, परिस्थिती काहीही असो, मोडला की बंदी. प्रश्न न्याय्य काय याचा नसून नियमाला धरून काय याचा आहे. आयुक्त डेव्हिड स्टर्न त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले.

आता त्याच सामन्यातला दुसरा प्रसंग बघा. दुसऱ्या क्वार्टरमध्ये स्पर्सच्या फ्रान्सिस्को एल्सनने डंक मारला (उडी घेऊन चेंडू हाताने थेट जाळीत घातला) आणि खाली येताना तो सन्सच्या जेम्स जोन्सशी अडकला. क्षणभर वाटलं, इथे काहीतरी पेटणार. टिम डंकन बाकावरून उठून मैदानात आला. बोवेन त्याच्या मागे गेला आणि त्याला परत घेऊन आला. दोघेही बाक सोडून मैदानात होते. लीगने शिक्षा केली नाही. कारण: एल्सन आणि जोन्स यांच्यात भांडण झालंच नाही, त्यामुळे ‘भांडण सुरू असताना’ ही अट लागू होत नाही.

शब्दशः बघितलं तर लीगचं चूक नाही. पण इथेच माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा आहे. लीग म्हणत होती की आम्हाला काही ठरवायची मुभा नाही. प्रत्यक्षात मुभा होती, फक्त ती एक पायरी आधी होती: ज्याला भांडण म्हणायचं ते भांडण झालं का, हे ठरवण्यात. तिथे माणसं डोकं वापरून, व्हिडिओ बघून, तारतम्याने निर्णय घेत होती. एकदा ‘हो, भांडण’ असं ठरलं की मग तारतम्याला दार बंद. डंकन उठला तेव्हा त्याला तरी कुठे माहीत होतं, की हे भांडण होणार नाही? त्याने जोखीम घेतली आणि एल्सन-जोन्स शांतपणे आपापल्या वाटेने निघून गेले म्हणून तो वाचला. स्टाउडमायरने तीच जोखीम घेतली आणि राजा बेल शांत राहिला नाही म्हणून तो अडकला. उठण्यामागची वृत्ती सारखीच. निकाल तिसऱ्याच माणसाच्या वागण्यावर ठरला.

आणि तारतम्य वापरायचं नाही, हे लीगचं तत्त्वच होतं असंही नाही. महिनाभर आधी पंच जोई क्रॉफर्ड यांनी बाकावर बसून हसल्याबद्दल याच डंकनला सामन्यातून हाकललं होतं. नियमाच्या पुस्तकात पंचाला तो अधिकार होता. तरीही स्टर्न यांनी प्रसंग पाहिला, अतिरेक झाला असं ठरवलं आणि क्रॉफर्ड यांनाच निलंबित केलं. मला ते पटलं होतं. म्हणजे संदर्भ बघायचा असेल तेव्हा लीगला तो दिसत होता.

पाचवा सामना आणि नंतर

१६ मे, फीनिक्स. स्टाउडमायर आणि डिऑशिवाय सन्सनी सुरुवात जोरात केली आणि एका टप्प्यावर मोठी आघाडीही घेतली. शॉन मॅरियन आपल्याहून उंच माणसांशी झुंजत होता. पण माणसं कमी, पाय जड. एरवी ११० करणारा संघ ८५ वर थांबला. अखेरच्या मिनिटात कोपऱ्यातून तीन गुणांचा निर्णायक शॉट मारला तो ब्रूस बोवेननेच. नियतीला कधी कधी फारच ढोबळ विनोद सुचतात. स्पर्स ८८-८५.

सहाव्या सामन्यात स्टाउडमायर परतला, त्याने ३८ गुण केले, आणि सन्स हरले, ११४-१०६. हा आकडा लीगच्या समर्थकांचा आवडता आहे: बघा, तो असूनही हरलेच. पण २-३ ने मागे असताना परक्या मैदानावर खेळणं आणि ३-२ ने पुढे असताना खेळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वेळी, पाचवा सामना सन्स नक्की जिंकले असते असंही मी म्हणणार नाही. डंकन, पार्कर आणि मनू जिनोबिली यांचा तो संघ कुणालाही, कुठेही हरवू शकत होता. स्पर्सनी पुढे यूटाला ४-१ आणि लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडला ४-० हरवून विजेतेपद घेतलं. हॉरीचं ते सातवं.

त्या मालिकेला नंतर आणखी एक डाग लागला. तिसऱ्या सामन्यातल्या पंचांपैकी एक, टिम डोनही, सामन्यांवर पैसे लावत होता हे त्याच उन्हाळ्यात उघड झालं. त्याने गुन्हा कबूल केला आणि पुढे तुरुंगात गेला. हा सामना त्याने फिरवला असं सिद्ध झालेलं नाही, आणि हॉरीच्या प्रकरणाशी त्याचा संबंधही नाही. पण ‘नियम म्हणजे नियम’ असं सांगणाऱ्या लीगवरचा सन्स-समर्थकांचा उरलासुरला विश्वास त्याने संपवला.

कृत्याला शिक्षा की प्रतिक्रियेला

हॉरीने हे ठरवून केलं का? माझं मत: नाही. १८ सेकंदांत हरत चाललेल्या, वैतागलेल्या माणसाचा तो धक्का होता. सन्सचे दोन खेळाडू बाहेर काढण्याचा कट कुणी इतक्या वेळात रचत नाही. पण हेतू नसतानाही फायदा झाला, आणि नियमाचं मोजमाप तिथेच करायला हवं. जो नियम धक्का देणाऱ्यापेक्षा त्यावर उठून उभं राहणाऱ्याला महागात पडतो, तो पुढच्या वेळी कुणालातरी ठरवून वापरता येतो.

उलट उदाहरण २०१६ चं. गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन त्या प्लेऑफमध्ये एकेक फ्लॅग्रंट फाऊल (अनावश्यक किंवा धोकादायक धसमुसळेपणाचा फाऊल, ज्याचे दंडगुण साठत जातात) जमा करत गेला. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात त्याचा हात लेब्रॉनच्या जांघेत लागला, फ्लॅग्रंटचे चार दंडगुण भरले आणि आपोआप एका सामन्याची बंदी आली. ७३ सामने जिंकलेला त्याचा संघ ३-१ च्या आघाडीवरून मालिका हरला. ही शिक्षाही यांत्रिक होती, क्रूर वेळी आली, तिच्यावरही आरडाओरडा झाला. पण ग्रीनने जे भोगलं ते स्वतःच्या हाताचं (आणि पायाचं). नियम कडक असण्यावर माझा आक्षेपच नाही. तो कुणावर रोखलेला आहे, यावर आहे.

बोवेनच्या पायाचं काय झालं, तेही इथेच सांगायला हवं. १४ मे २०१७. (तारीख पुन्हा तीच, मी यातून काहीही सुचवत नाहीये.) आता स्पर्स दुसऱ्या बाजूला होते. गोल्डन स्टेटविरुद्ध ते २३ गुणांनी पुढे असताना त्यांच्या कवाय लेनर्डने शॉट घेतला आणि तो खाली आला तो गोल्डन स्टेटच्या झाझा पाचुलियाच्या सरकलेल्या पायावर. आधीच दुखरा घोटा पुन्हा मुरगळला, लेनर्ड त्या मालिकेत परत खेळला नाही, स्पर्स तो सामना १११-११३ आणि मालिका ०-४ ने हरले. पॉपोविच भडकले. हेतू काय होता याच्याशी मला काय करायचंय, असा त्यांचा सूर होता. गाडी चालवताना फोनवर मेसेज लिहिता लिहिता कुणाचा जीव घेतलात, तर हेतू नव्हता म्हणून सुटता का? मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. तो मांडणारे गृहस्थ बोवेनचे प्रशिक्षक होते, हे अनेकांनी लगेच बोलून दाखवलं आणि तेही बरोबरच होतं. स्वतः लेनर्डने पाचुलियावर हेतूचा आरोप केला नाही.

लीगने मात्र या वेळी योग्य जागी बोट ठेवलं. पुढच्या हंगामापासून शॉट घेणाऱ्याला खाली उतरायला जागा न सोडणं हे बेफिकीर कृत्य मानून फ्लॅग्रंट देण्याचे अधिकार पंचांना मिळाले. हेतूचा शोध नाही, फक्त कृतीचा धोका बघायचा. ज्या प्रकारावर बोवेनच्या काळात वर्षानुवर्षं नुसती तक्रार होत होती, त्याला शेवटी किंमत लागली, आणि ती करणाऱ्याला लागली.

बाक सोडण्याचा नियम तसाच आहे. तो रद्द करा असं मी म्हणणार नाही. टॉमजानोविचचा चेहरा आठवला की म्हणवत नाही. पण जो उठला, अडवला गेला, कुणापर्यंत पोहोचला नाही आणि परत बसला, त्याच्याकडून मोठा दंड घ्या, हवं तर पुढच्या हंगामाचे पहिले तीन सामने बाहेर बसवा. आणि ज्याच्या फाऊलमुळे भांडण पेटलं, त्याच्या शिक्षेत, भांडणापायी दोन्हीकडचे जे जे खेळाडू बाहेर बसले त्यांचा हिशोब धरा. हॉरी तसाही त्या मालिकेत पुन्हा खेळला नाही, आणि त्याची शिक्षा आणखी लांबली असती, तरी सन्सची भरपाई झाली नसती हे मला कळतं. निदान धक्का स्वस्त राहिला नसता.

डिसेंबर २०२२ मध्ये डेट्रॉईटमधल्या एका सामन्यात ऑर्लँडोचे तब्बल आठ खेळाडू याच कलमाखाली सापडले. पुरेशी माणसं उरावीत म्हणून त्यांच्या शिक्षा दोन सामन्यांत विभागल्या गेल्या, अगदी १९९७ च्या निक्ससारख्या. पण तो नियमित हंगाम होता. ८२ सामन्यांतला एक सामना गेला, आठवड्याभरात लोक विसरले. प्लेऑफमध्ये सातातला एक जातो, आणि या दोन परिस्थितींसाठी नियमात आजही एकच शिक्षा लिहिलेली आहे.